पोथी पाण्यात सोडू नका

उन्हाळ्यात खडकवासल्याचं पाणी उतरलं की काठच्या चिखलात काय काय उघडं पडतं, ते चौपाटीवर भजी आणि कणीस खायला येणाऱ्यांच्या नजरेस पडत नाही. आम्हा गावकऱ्यांच्या पडतं. फुटक्या तसबिरी, पिशवीत गाठ मारून टाकलेलं निर्माल्य आणि लाल कापडात बांधलेल्या पोथ्या. पानं एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झालेला असतो. एखादं सोडवायला जावं तर अक्षरांसकट बोटाला चिकटून येतं. शाळेत मराठी शिकवण्यात माझी नोकरीची वर्षं गेली, आणि आता गावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसते. त्या चिखलातल्या पोथ्या मला बघवत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

पोथी पाण्यात सोडणारी माणसं श्रद्धाळू असतात, हे मी आधीच सांगते. जीर्ण पोथी रद्दीत घालायची नाही, तिच्यावर कुणाचा पाय पडू द्यायचा नाही, मग ती पाण्याला अर्पण करायची, ही जुनी रीत आहे. पूर्वी घरात एखादीच पोथी असे आणि ती अगदी विरेपर्यंत वाचली जाई. अलीकडे मात्र चांगल्या धडधाकट पोथ्याही पाण्यात जाताना दिसतात. सप्ताहात सगळ्यांच्या हातात एकच प्रत असावी असा आग्रह गावोगाव वाढला आहे. कुणीतरी दाता ज्ञानेश्वरीच्या प्रती वाटतो. नवा कागद, मोठं अक्षर, वर चकचकीत वेष्टण. ती घरी आली की आजेसासऱ्यांची पिवळी पडलेली प्रत अडगळ होते. घर लहान, माळा भरलेला, सुनेला धूळ सोसत नाही. एखाद्या अमावास्येला ती प्रत धरणावर जाते.

एका प्रतीचा आग्रह उगाच आलेला नाही. आमच्या मंडपात साखरे महाराजांची ज्ञानेश्वरी असते, सोनोपंत दांडेकरांची सार्थ असते, गीता प्रेसची असते, एखाद्या म्हाताऱ्याकडे कुंट्यांचीही निघते. सगळे एका लयीत वाचत असतात आणि एखाद्या ओवीला अर्धा मंडप अडखळतो. कुणाकडे शब्दाचं जुनं रूप, कुणाकडे नवं. कुठे एक ओवी जास्त, मग पुढचे सगळे आकडे सरकलेले. व्यासपीठावरून ‘थांबा, थांबा’ होतं, आणि पोरं विचारतात, ‘मग खरी कुठली?’ सगळ्यांना एकच छापील प्रत दिली की हा प्रश्न मिटतो, असं आयोजकांना वाटतं.

तो मिटवू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या पोरांना खरं उत्तर द्यावं. ज्ञानेश्वरी नेवाशाला शके 1212, म्हणजे 1290 साली सांगून पुरी झाली. ती पहिली प्रत आज कुणाजवळही नाही. आपल्यापाशी आहेत त्या नकला, आणि नकलांच्या नकला. जवळजवळ तीनशे वर्षं गावोगावचे लिहिणारे बोरूनं त्या उतरवत राहिले. कुणाचा डोळा एका ओळीवरून दुसरीवर घसरला, कुणाला जुना शब्द कळला नाही म्हणून त्यानं ओळखीचा घातला, कुणी भक्तीच्या भरात स्वतःचीच ओवी मध्ये बसवली. शेवटी 1584 साली, शके 1506 मध्ये, पैठणला एकनाथ महाराजांनी जुन्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो, ती हे काम पुरं झाल्याची तिथी. माउलींच्या ग्रंथाचा उत्सव आपण एका संपादनाच्या दिवशी करतो, आणि हे मंडपातल्या किती जणांना ठाऊक असतं? नाथांसमोर वेगवेगळ्या प्रती होत्या म्हणूनच त्यांना पाठ शोधता आला. लोकांनी जुन्या प्रती नदीत सोडल्या असत्या तर नाथांनी काय ताडून पाहिलं असतं?

पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी एका जुन्या हस्तलिखितावरून 1909 साली ज्ञानेश्वरी छापली. भाषा इतकी जुन्या वळणाची की सांप्रदायिक मंडळींना ती परकी वाटली. आजही वाटते. 1960 साली सरकारनं काढलेल्या प्रतीला त्याच संहितेचा आधार घेतला गेला, तरी मंडपात मात्र बहुतेकांच्या ओठी नाथांच्या परंपरेचाच पाठ आहे. मी स्वतः पारायणात परंपरेचाच पाठ म्हणते आणि घरी राजवाड्यांची प्रत उघडून बसते. सातशे वर्षांपूर्वीची मराठी कानाला कशी लागत असेल, ते तिथे थोडंफार उमगतं. एका प्रतीनं दुसरीचा अपमान होतो असं मला एकदाही वाटलेलं नाही.

तुकोबांच्या गाथेची गोष्ट तर आपल्या पुणे जिल्ह्यातलीच आहे. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी 1869 आणि 1873 साली दोन भागांत गाथा छापली तेव्हा त्यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या वह्या मिळवल्या होत्या. चारांतली तीन गावं इथून दिवसभरात जाऊन येण्यासारखी. संताजी जगनाड्यांच्या नावानं चालत आलेल्या वह्यांवरून ठाण्याच्या वि. ल. भाव्यांनी 1919-20 च्या सुमारास वेगळी गाथा काढली, तिच्यात अभंग तेराशेच्या आसपास. सरकारनं 1950 साली काढलेल्या गाथेत 4607. एवढं अंतर पाहून दचकणारे लोक मी पाहिले आहेत. मला त्यात तुकोबांच्या मागे उभा राहिलेला समाज दिसतो: ऐकणारे, गाणारे, घरी जाऊन आठवेल तसं लिहून ठेवणारे. कुठला अभंग तुकोबांचा आणि कुठला मागाहून आला, याचा वाद अभ्यासकांनी जरूर घालावा. पण तो घालायला वह्या हव्यात. आणि त्या वह्या देवघरात, माळ्यावर, गावच्या विठ्ठलमंदिराच्या कपाटात सांभाळणारी माणसं होती, म्हणून मिळाल्या.

‘आता सगळं छापलंय, मोबाइलवर आहे, जुन्या प्रती हव्यात कशाला?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. त्याला माझं उत्तर गोव्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’चं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूनं साष्टीत राहून मराठी ओव्यांत हे पुराण रचलं. 1616, 1649 आणि 1654 अशा तीन वेळा ते रोमन लिपीत छापलं गेलं. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. पुराण वाचलं ते भाविक कुटुंबांनी हातानं उतरवलेल्या वह्यांमुळे, आणि तशाच प्रतींवरून 1907 साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. लंडनमध्ये त्याची नागरीतली प्रतही आहे, आणि तिची भाषा रोमन प्रतींहून निराळी आहे. म्हणजे छापलेलं बुडालं आणि हातचं तरलं. मोबाइलवरच्या प्रतीचा मला तर कागदाइतकाही भरवसा वाटत नाही.

छापील पोथीही जपण्यासारखीच असते. 1805 साली मिरजेला तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून गीता छापली गेली. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछाप सुरू केला, आणि पोथीसारखीच आडवी, सुट्या पानांची पुस्तकं घरोघरी पोचली. सुरुवातीला छापलेल्या कागदाला हात लावायलाही कितीतरी लोक कचरत. आज तुमच्या माळ्यावर शिळाछापाचा ‘पांडवप्रताप’ असेल तर तो या सगळ्या उलथापालथीचा साक्षीदार आहे. मराठी बायबलचंही तसंच. बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी 1811 साली नवा करार मोडी अक्षरात छापला. इकडे आपल्या दौंडजवळच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं आणि ते मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्या बायका-मुलींनी छापलं. ते 1924 साली पुरं निघालं तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. ही प्रत कुणाच्या घरी असेल तर तीही टाकून देऊ नका, एवढंच सांगते.

पाठभेदांचं काय करायचं असतं, ते शिकायला आम्हाला परगावी जावं लागत नाही. धरणावरून पुण्यात उतरलं की लॉ कॉलेज रस्त्याला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे. तिथे 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतच्या 1259 हस्तलिखितांचा उपयोग झाला. एकेक श्लोक मोठ्या कागदावर मांडायचा, अक्षराला एक चौकोन, आणि कुठल्या प्रतीत कुठलं अक्षर वेगळं आहे ते खाली ओळीओळीनं भरत जायचं. विष्णु सीताराम सुखटणकरांनी या कामाची घडी बसवली, 1943 साली ते अर्ध्यावर गेले, मग श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते तडीस नेलं.

या आवृत्तीबद्दल एक गैरसमज अजून चालतो. गणपती व्यासांचा लेखनिक झाला ती कथा आणि वस्त्रहरणाच्या वेळचा द्रौपदीचा कृष्णाचा धावा ‘भांडारकरवाल्यांनी काढून टाकला’ असं लोक रागानं बोलतात. दोन्ही गोष्टी त्या खंडांत आहेत, एक परिशिष्टात, दुसरी तळटिपांत. सगळ्या प्रतींतून जुना म्हणून जो पाठ सिद्ध झाला तो वर छापला, आणि उरलेलं एकूण एक, कुठल्या प्रतीत आहे त्या खुणेसह, खाली ठेवलं. त्या संपादकांनी काही म्हणजे काही फेकलं नाही. हा शिस्तीचा आदर मला फार मोठा वाटतो, आणि सप्ताहाच्या आयोजकांनी तोच उचलावा असं म्हणावंसं वाटतं. व्यासपीठावरून एक पाठ चालू द्या, लय त्यानं सांभाळली जाईल. वाचकाच्या मांडीवर मात्र त्याच्या घरची प्रत राहू द्या, आणि जिथे अडखळायला झालं तिथे दुपारच्या विसाव्यात पोरांना दोन्ही पाठ शेजारी ठेवून दाखवा. ज्ञानेश्वरी शिकवण्याचा याहून चांगला तास मला शाळेतही मिळाला नाही.

घरच्या प्रतीत ग्रंथापलीकडचंही बरंच असतं. आमच्या सासूबाईंच्या ‘भक्तिविजया’च्या पुठ्ठ्याआत सगळ्या मुलांच्या जन्मतिथी आहेत, एका म्हशीची किंमत आहे, आणि ‘12 जुलै 1961, बुधवार, धरण गेले’ अशी एक ओळ आहे. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेनं पुण्यातल्या पेठा बुडवल्या, तो दिवस. माझ्या आईचं माहेर नारायण पेठेतलं. तिच्या वडिलांची पोथ्यांची पेटी त्या पाण्यात गेली. त्या पेटीतली एक हातची ‘भागवता’ची पोथी आई मरेपर्यंत आठवत असे. समासात तांबड्या शाईच्या रेघा, चुकलेल्या अक्षरावर हरताळ, शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव. ते पाणी न सांगता आलं होतं. आज आपण घरातून निघून, वाकडी वाट करून, पोथी आपल्या हातानं पाण्यात सोडतो.

आणि पोथी लिहिणारे काय सांगून गेले? जुन्या पोथ्यांच्या अखेरीस नकलकार पोथीच्याच तोंडून विनवत असे: मला पाण्यापासून सांभाळा, तेलापासून सांभाळा, सैल बांधू नका, मूर्खाच्या हाती देऊ नका. मान मोडून, कंबर वाकवून ज्यानं ती लिहिली त्याची ही इच्छा. यात पाण्याचं नाव आहेच. देहूची गाथा इंद्रायणीनं तरवली ही आपली श्रद्धा आहे, आणि ती गाथा बुडवायला लावणाऱ्यांना आपण आजही माफ केलेलं नाही. खडकवासल्याच्या तळातून मात्र पोथी परत आली तरी लगदा होऊनच येते. शिवाय हे पुण्याचं पिण्याचं पाणी आहे.

पोथी बाहेर काढलीत तर आधी शेवटचं पान उघडा. शक, संवत्सराचं नाव, गावाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव तिथे असण्याची शक्यता मोठी. छापील असेल तर छापखाना आणि साल पाहा. पहिल्या, शेवटच्या आणि मधल्या काही पानांचे फोटो काढा. हातची असेल, मोडी असेल, किंवा लिपीच ओळखू येत नसेल, तर भांडारकर संस्थेत किंवा राजवाड्यांनीच 1910 साली उभ्या केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात एकदा दाखवा. सुती कापडात बांधा, प्लॅस्टिकमध्ये नको, दमट भिंतीला टेकवून नको. आमचं गाव 2021 पासून महापालिकेत आहे, तेव्हा पालिकेला माझी विनंती आहे की विसर्जनाच्या जागी निर्माल्य कलशाशेजारी पोथ्या-पुस्तकांसाठी वेगळी, झाकणाची पेटी ठेवावी आणि ती रिकामी करण्याआधी जाणकाराला दाखवावी. तोवर खडकवासला, गोऱ्हे, डोणजे, किरकटवाडी इथल्या ज्या कुणाला घरात पोथी ठेवायला खरंच जागा नसेल, त्यांनी ती सप्ताहाच्या मंडपात माझ्याकडे आणून द्यावी. मी ती सांभाळीन आणि योग्य ठिकाणी पोचवीन.