करडईची मर : रोग एक, बुरशीचे वंश अनेक

परभणी जिल्ह्याच्या काळ्या, भारी जमिनीत पावसाळ्यानंतर उरलेल्या ओलीवर येणारे तेलबियांचे पीक म्हणजे करडई. सोयाबीनचा विस्तार झाल्यापासून तिचे क्षेत्र फार घटले आहे. तथापि, जिरायत रब्बीत तिच्याइतके काटक पीक विरळाच. अशा पिकात मर शिरली की शेतकरी बियाण्यास दोष देतो, विक्रेता जमिनीस देतो, आणि मूळ कारण असलेल्या बुरशीचा विचार मागेच राहतो.

ही बुरशी फ्युझेरियम ऑक्सिस्पोरमचा करडईवर वाढणारा प्रकार होय. ती मुळांवाटे शिरते, जलवाहिन्या तपकिरी पडतात. कधी झाडाची एकच बाजू वाळते. तिचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे तग धरतात, तद्वतच रोगट बियाण्याबरोबर ती दूरवर जाते. एवढे बहुतेक जाणत्या शेतकऱ्यांस ठाऊक असते. परंतु ही बुरशी सर्वत्र एकसारखी नसते, ही गोष्ट वाण निवडताना विसरली जाते. अमेरिकेत 1975 साली तिचा चौथा वंश नोंदविला गेला. एका वंशापुढे ताठ उभा राहणारा वाण दुसऱ्यापुढे मान टाकतो, यावरूनच हे वंश वेगळे ओळखता येतात. मोहरीवरील पांढऱ्या तांबेऱ्याचीही हीच कथा आहे. पाउंड व विल्यम्स यांनी 1963 साली त्याचे सहा वंश दाखवून दिले. मुळ्यावरचा निराळा, मोहरीवरचा निराळा. (हा जीव आता खऱ्या बुरशींत गणला जात नाही, मुद्दा मात्र तोच राहतो.)

फ्युझेरियमची लैंगिक अवस्था आढळलेली नाही. तरीही उत्परिवर्तनाने आणि दोन तंतू एकमेकांत मिसळून तिच्यात बदल घडू शकतात. त्यात एकच वाण एकाच रानात सतत घेतला, तर त्या वाणावर मात करणारी बुरशीच नेमकी पोसली जाते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या बुरशीचा रंग वा वाढीचा वेग पाहून तिची मारकता ठरविता येत नाही. रोपांवर लागण करूनच ती पाहावी लागते, आणि हे काम वेळखाऊ आहे.

म्हणूनच ‘मर रोगास प्रतिकारक’ एवढीच नोंद अपुरी होय. कोणत्या ठिकाणच्या बुरशीविरुद्ध आणि किती वर्षे वाण तपासला, हेही तीत यावयास हवे. 1972 साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने परभणी कुसुम, पूर्णा यांसारखे वाण दिले. तेथील करडई संशोधनाचा लौकिक मोठा आहे. परंतु कोणत्याही विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरील रोगट माती म्हणजे जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या रानातील माती नव्हे. प्रत्येक तालुक्यातून रोगट झाडे गोळा करून त्यांतील बुरशी वाणांवर पारखण्याचे काम नियमितपणे व्हावे. त्यास लागणारा खर्च वाण फसल्याने होणाऱ्या नुकसानीपुढे अल्पच ठरेल.

तोपर्यंत फेरपालट, ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया आणि निरोगी शेतातील बियाणे यांचाच आधार आहे. त्यांचा गुण एखाद्या विशिष्ट वंशापुरता मर्यादित नसतो. रोगाचे निदान करून घ्यावयाचे असल्यास नुकतेच सुकू लागलेले झाड मुळासकट उपटावे, माती झटकून कागदी पिशवीत ठेवावे आणि सोबत गाव, वाण व मागील हंगामातील पीक लिहून द्यावे. पूर्ण वाळलेल्या झाडावर इतर बुरशी चढतात व निदान चुकते.