रिद्धपूरची रीत

वऱ्हाडाच्या वैभवाची विचारपूस करणाऱ्यास लोक बहुधा सातपुड्याकडे बोट दाखवितात, आणि ते अयोग्य नाही. कारण अकोट तालुक्यातील नरनाळ्याच्या किल्ल्यावर, बहमनी अमलाच्या अखेरीस 1487 च्या सुमारास फतहुल्ला इमादुल्मुल्काने उभारलेला महाकाली दरवाजा, त्यावरील दगडी जाळ्या, कोरीव कमळे, पुढे झुकलेले सज्जे आणि वळणदार अक्षरांचा शिलालेख पाहिला म्हणजे, एखाद्या राजधानीस शोभावे असे हे शिल्प रानात एकाकी उभे असल्याचा विस्मय आणि विषाद एकदमच मनात दाटून येतो. परंतु दगडास ऊनपाऊस सोसण्याचे बळ असते. या प्रांताचे जे वैभव केवळ कंठात वसते, त्यास ते नाही.

भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडात भुलाबाई बसते. मातीचे भुलोजी आणि भुलाबाई, मांडीवर बाळ गणेश, अखेरच्या रात्री ज्वारीच्या धांड्यांचे मखर, आणि सांजवेळी घरोघर जाऊन टिपऱ्यांच्या तालावर गाणाऱ्या मुली. गाणी सरली की झाकलेला डबा हलवून, त्याचा आवाज ऐकून आतील खिरापत ओळखावयाची. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट, असे कुणब्याच्या लेकीचे अवघे आयुष्य या गाण्यांत साठलेले आहे, आणि गाव बदलले की कडवेही बदलते. ही कडवी ज्यांना समग्र पाठ आहेत, त्या बहुतेकजणी आता आज्या झाल्या आहेत.

त्यांचे गाणे कसे राखावे, हे सांगावयास परक्या पंडिताची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरी, श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात, शके 1200 च्या सुमारास म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांच्या आठवणींचे लीळाचरित्र सिद्ध केले, ते श्रीचक्रधरांना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते त्यांच्या भेटी घेऊन, त्यांच्या तोंडच्या आठवणी मिळवून. पुढे मूळ पोथी हरवली तेव्हा महानुभावांनी स्मरणाच्या आधारे तिचे पाठ पुन्हा उभे केले. आणि एकाच प्रसंगाविषयी दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर दुसरीही ‘वासना’ म्हणून नोंदून ठेविली. सामान्य माणसाची आठवण, त्याच्याच बोलीत आणि तिच्या भेदांसह, जतन करण्याइतकी मोलाची आहे, हा विवेक मराठी गद्याच्या आरंभीच या मातीत प्रकटला.

त्याच रिद्धपुरी आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. त्याने भुलाबाईची गाणी, दंडार या लोकनाट्याचे संवाद आणि मेळघाटातील कोरकूंची गीते यांचे दफ्तर तालुकावार उघडावे. गाणारीचे नाव, गाव आणि चाल यांची नोंद करावी. एका गावचे कडवे शुद्ध आणि दुसऱ्याचे अशुद्ध असा निवाडा न करता दोन्ही शेजारी ठेवावीत. गावोगावच्या शिक्षकांनी या कामी आपल्या विद्यार्थिनींना त्यांच्या आज्यांकडे धाडावे. येती भाद्रपदी पौर्णिमा हा त्याचा मुहूर्त ठरो. आणखी विलंब या प्रांतास परवडणारा नाही.