अजब बंगल्यातील पुरावा वाचणार कोण?

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो बांधव नागपूरला येतात, दीक्षाभूमीला वंदन करतात, पुस्तके घेतात आणि परततात. याच शहरात सिव्हिल लाइन्सला १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय आहे. लोक त्याला अजब बंगला म्हणतात. आमच्यापैकी किती जण त्याची पायरी चढले?

तेथे चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेकची शिळा आहे. प्राणी पकडू नयेत, मारू नयेत, अशी आज्ञा तिच्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेली आहे. त्याच शिळेवर पुढे वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचाही लेख कोरला गेला. रामटेकजवळच्या हमलापुरी येथे सापडलेल्या कांस्य बुद्धमूर्तीही याच संग्रहालयातील. भंडारा जिल्ह्यातील पवनीला १९६९-७० च्या उत्खननात स्तूप उजेडात आला. तेथील एका स्तंभावर मुचलिंद नागाचे नाव कोरलेले आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूर का निवडले हे सांगताना नागलोकांचा दाखला दिला होता. विदर्भाच्या मातीत बौद्ध धम्म किती खोल रुजला होता, हे हे दगड सांगतात.

आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, संग्रहालयातल्या बुद्धमूर्ती विहारांना द्या. भावना समजते, पण मागणी आम्हाला मान्य नाही. कोर्टात वस्तू कोठे व कशी सापडली याचा पंचनामा नसेल तर तिची किंमत राहत नाही. इतिहासाच्या कोर्टातही तेच. मूर्तीला रंग लागला, नोंद तुटली, की उद्या कोणीही उठून तिला दुसऱ्याच देवाचे नाव देईल. वंदनेसाठी नवी मूर्ती घडवता येते. पुरावा नव्याने घडवता येत नाही.

म्हणूनच शेतात नांगराला मूर्ती लागली तर शेंदूर फासण्याआधी आणि दलाल येण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. १८७८ चा निखात निधी कायदा तेच सांगतो. सोबत फोटो ठेवा, पोच घ्या.

शासनाकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक लेखाचा सोप्या मराठीत अर्थ द्या. वस्तू कोणत्या गावची, हे ठळक लिहा. नुसते 'मूर्ती, दगड' लिहून भागणार नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या काळात संग्रहालय उशिरापर्यंत उघडे ठेवा. भांडारात काय पडून आहे, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते. प्रत्येक तालुक्यातून असा एक अर्ज जाऊ द्या.

वारसा जपणे हे संविधानाच्या कलम ५१क ने प्रत्येक नागरिकावर सोपवलेले कर्तव्य आहे. यंदा दीक्षाभूमीहून परतताना मुलांना अजब बंगल्यात न्या. ज्यांच्या पूर्वजांचा पुरावा तेथे आहे, त्यांनीच तो वाचला नाही, तर इतरांनी चुकीचा वाचला अशी तक्रार करण्याचा हक्क आम्हाला उरणार नाही.