विश्लेषण : विंडोज ११ वर जुने प्रोग्राम का अडतात?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित सुरक्षा अपडेट थांबवले. त्यामुळे कार्यालये, दुकाने ‘विंडोज ११’कडे वळत आहेत. पण नव्या संगणकावर वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेला हिशेबाचा प्रोग्राम उघडतच नाही, असा अनुभव येऊ शकतो. यात दोष अनेकदा प्रोग्रामचा नसतो, तर तो ज्यांच्या आधारावर उभा असतो त्या जुन्या लायब्ररींचा असतो.

लायब्ररी म्हणजे काय?

छपाई करणे, फाइल वाचणे, पडद्यावर चौकट काढणे ही कामे प्रत्येक प्रोग्रामर नव्याने लिहीत नाही. त्यासाठी तयार कोडचा संच वापरला जातो. तीच लायब्ररी. विंडोजमध्ये ती बहुधा ‘डीएलएल’ फाइलच्या रूपात असते.

नेमके काय बदलले?

विंडोज १० ची ३२ बिट आवृत्तीही होती. तीत ‘एनटीव्हीडीएम’ हा घटक सुरू केला, की डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळातील १६ बिट प्रोग्राम चालवता येत. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे; त्यात हा घटक नाही. ३२ बिट प्रोग्राम मात्र चालतात. पण ६४ बिट प्रोग्रामला ३२ बिट डीएलएल थेट वापरता येत नाही.

दोष कसा शोधायचा?

आधी प्रोग्राम किती बिटचा आहे, हे पाहावे. ६४ बिट विंडोजमध्ये ‘सिस्टिम३२’ फोल्डरात ६४ बिट फाइल असतात आणि ‘सिसवॉव६४’मध्ये ३२ बिट. या उलट्या नावांमुळे फाइल चुकीच्या ठिकाणी टाकली जाते. ‘व्हिज्युअल बेसिक ६’चा मूळ आधार विंडोज ११ मध्येही आहे, पण जोडीची ‘ओसीएक्स’ नियंत्रणे वेगळी बसवून त्यांची नोंदणी करावी लागते. हरवलेली डीएलएल अनोळखी संकेतस्थळावरून घेणे धोक्याचे. ती मूळ इन्स्टॉलरमधूनच घ्यावी.

कोड पुन्हा कंपाइल केला तर?

टर्बो सीमध्ये ‘इंट’ २ बाइटचा होता, आज तो ४ बाइटचा असतो. त्यामुळे जुन्या फाइलमधील नोंदी सरकतात आणि आकडे चुकीचे वाचले जातात. प्रोग्राम चालतो, पण शिल्लक चुकते. हा बिघाड बंद पडण्यापेक्षा घातक. शिवाय डॉसचा प्रोग्राम कळ दाबली जाईपर्यंत थांबून राहतो, तर विंडोजच्या प्रोग्रामला येणाऱ्या प्रत्येक संदेशाला उत्तर द्यावे लागते. जुनी लायब्ररी वाट पाहत बसली, की खिडकी गोठते.

पर्याय कोणते?

मूळ कोड नसेल, तर जुने विंडोज आभासी संगणकात, इंटरनेट तोडून चालवता येते. ‘डॉसबॉक्स’ मुख्यतः गेमसाठी बनवलेला असल्याने हिशेबासाठी जपून वापरावा. क्लिपरच्या कोडसाठी ‘हार्बर’ हा मुक्त कंपायलर आहे. फॉक्सप्रोचा पाठिंबा २०१५ मध्येच संपला. पण त्याच्या साध्या ‘डीबीएफ’ फाइल लिबरऑफिसमध्ये उघडता येतात.

मार्ग कोणताही निवडला, तरी जुना संगणक चालू आहे तोवर माहितीची प्रत काढून एका महिन्याचा हिशेब दोन्हीकडे ताडून पाहावा. त्यानंतरच जुना संगणक भंगारात द्यावा.