मंतरलेली माती आणि आपण

वारुळाची माती मागणारे गिऱ्हाईक औषधालयात आजही येते. चरकाचार्यांनी ऊरुस्तंभात वल्मीकमृत्तिका, करंज व विटेचे चूर्ण यांचे उत्सादन सांगितले आहे. पण या गिऱ्हाइकाला ती त्यासाठी नको असते. कोणा जाणत्याने 'बाहेरचे' काढण्यासाठी ती आणावयास सांगितलेली असते, आणि आयुर्वेदीय दुकानातून मिळाली म्हणजे ती शास्त्रोक्तच, अशी त्याची समजूत होते. औषधालयाच्या मालकांनी या समजुतीचा विचार करावा.

तिवाट्यावरची माती मीठ-मोहरीबरोबर उतरवून चुलीत टाकली, तर मुलाचे काही बिघडत नाही. आईचे समाधान मात्र होते. त्यावर वैद्याने व्याख्यान झोडू नये. परंतु तीच माती मंतरून पोटात दिली जाते, सर्पदंशावर लेपली जाते किंवा नवजाताच्या नाभीवर लावली जाते, तेव्हा प्रश्न केवळ श्रद्धेचा राहत नाही. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतात निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले; त्याचे बीजाणू मात्र मातीत होते तसेच आहेत. सर्पदंशात तर लेपाइतकाच, किंबहुना अधिक, घातक असतो तो लेपात गेलेला वेळ. दंश झालेल्यास उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले आहे.

मृद्भक्षणाविषयी आपणास नवे काय सांगावे? पांडुरोगाच्या पाच प्रकारांत चरकाचार्यांनी त्याला स्वतंत्र स्थान दिले. कषाय मृत्तिका वात, ऊषर पित्त व मधुर कफ प्रकुपित करते. न पचता स्रोतसे रोधते आणि बल, वर्ण, अग्नी यांचा नाश करते. सवय सुटत नसेल तर विडंग, अतिविषा, निंबपत्र इत्यादींनी भावित केलेली माती देऊन तिच्याविषयी द्वेष उत्पन्न करावा, असा उपायही तेथे आहे. रुग्णाला न दुखावता सवय मोडण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

असे असता पांडुर गर्भिणी समोर बसली की आपण लोहकल्प लिहून मोकळे होतो. 'कोणी काही खावयास दिले आहे का?' हे विचारत नाही. विचारले तरी सासूसमोर विचारतो. मग उत्तर कसे मिळणार? हा प्रश्न एकांतात, न हसता विचारावा. औषधालयांनी वारुळाची माती ठेवायचीच तर ती वैद्याच्या चिठ्ठीवर द्यावी आणि वेष्टनावर 'केवळ बाह्योपयोगासाठी' असे ठळक छापावे. चार पुड्या कमी खपतील, एवढेच.