विश्लेषण : बागेतील गवतासाठी मिनी ट्रॅक्टरला काय जोडावे – रोटाव्हेटर, स्लॅशर की फ्लेल मोवर?

पाऊस लांबला की मोसंबीच्या बागेत गवत गुडघ्याला लागते. खुरपणीला मजूर मिळत नाहीत आणि झाडाखाली तणनाशक मारायला मन धजत नाही. मग मिनी ट्रॅक्टरला एखादे यंत्र जोडून गवत कापायचे ठरते. चिकलठाण्यातून जालना रोडने बदनापूरच्या दिशेने निघालेल्या शेतकऱ्याला अवजारांच्या दुकानांत रोटाव्हेटर, स्लॅशर, फ्लेल मोवर, मल्चर, रीपर अशी पाच-सहा नावे ऐकू येतात. किमती काही दहा हजारांपासून लाखाच्या पुढे जातात आणि माहिती बहुतेक विक्रेत्याच्याच तोंडून मिळते. शेवटी गाडीत रोटाव्हेटर चढतो. तो का चढतो आणि बागेसाठी ती निवड बरोबर आहे का, याविषयी…

हा प्रश्न आताच का?

पहिले कारण कराचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेती अवजारांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गवत कापणीची यंत्रेही त्यात आली. एक लाख रुपये मूळ किमतीच्या यंत्रावर पूर्वी १२ हजार रुपये कर होता, आता पाच हजार आहे. म्हणजे सात हजारांचा फरक. दुकानदाराने जुन्या दराची किंमत सांगितली, तर मूळ किंमत आणि कर वेगळे लिहून मागावेत.

दुसरे कारण त्याच सप्टेंबरातील अतिवृष्टी. मराठवाड्यात काळ्या जमिनीतल्या बागांत कित्येक दिवस ट्रॅक्टर घालता आला नाही. वाफसा येईपर्यंत गवत मात्र वाढत राहिले. अशा वर्षी जड यंत्र आणि हलके यंत्र यांतला फरक थेट चिखलात दिसतो.

रोटाव्हेटरने बिघडते काय?

रोटाव्हेटरने बाग एका दिवसात स्वच्छ दिसते, हे नाकारता येत नाही. बांधावरून पाहणाऱ्या शेजाऱ्याच्या मताला गावात किंमत असते, हेही खरे. या स्वच्छतेच्या सवयीमागे अनुभव आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, अनेकांनी त्या टँकरच्या पाण्यावर जगवल्या. ज्याने झाडाला मोजून पाणी घातले, त्याला गवत म्हणजे पाणीचोरच वाटणार.

पण मोसंबीची अन्नपाणी घेणारी तंतुमुळे मुख्यतः जमिनीच्या वरच्या थरात असतात आणि रोटाव्हेटरची पाती नेमकी तिथेच फिरतात. तुटलेल्या मुळांच्या जखमांतून फायटोफ्थोरासारख्या बुरशीला वाट मिळते. डिंक्या आणि मूळकूज हे तिचेच प्रताप. शिवाय वारंवार एकाच खोलीवर रोटाव्हेटर फिरला की त्याखाली कडक थर तयार होतो. मग पाऊस जास्त झाला तर पाणी वर साचते आणि कमी झाला तर खाली मुरत नाही.

त्याहून मोठी गंमत गवताची आहे. हराळी आणि लव्हाळा यांचा जीव जमिनीखाली, मुळाकांडीत आणि गाठीत असतो. रोटाव्हेटर हराळीच्या कांड्यांचे तुकडे करून ते बागभर पसरवतो आणि प्रत्येक तुकडा फुटू शकतो. म्हणजे डिझेल आपले आणि लागवड हराळीची.

आंबे बहारासाठी ताण देताना हलकी मशागत करण्याची पद्धत आहे. तिथे जमीन हलवण्याला हेतू असतो. प्रश्न आहे तो पावसाळ्यात गवत दिसले की दर महिन्याला रोटाव्हेटर फिरवण्याचा.

मोवर वापरताना जमीन हलत नाही. गवत दोन-तीन इंच ठेवून कापायचे आणि कापलेले झाडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून लोटायचे. मात्र कापलेले गवत जिवंत असते आणि पाणी पिते. म्हणून ते फक्त दोन ओळींमधल्या पट्ट्यात ठेवायचे, बुंध्याजवळ नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर शेवटची कापणी अगदी खालून घ्यावी.

पाते गवत कापते कसे?

खरी निवड इथे होते. गवत कापण्याच्या दोन रीती आहेत. एक कात्रीची, म्हणजे दोन धारांमध्ये काडी धरून कापणे. दुसरी काठीने गवताचे शेंडे उडवण्याची, म्हणजे आधार नसताना निव्वळ वेगाने तोडणे.

सिकल बार किंवा रीपर कात्रीच्या रीतीने चालतो. दातांच्या पट्टीवर दुसरी पट्टी डावी-उजवीकडे सरकते. याला ताकद सर्वांत कमी लागते आणि कापलेले गवत अख्खे पडते. जनावरांना घालायचे असेल तर हेच यंत्र हवे. पण वाटेत दगड किंवा झुडपाचा खुंट आला की दात तुटतो. मुरमाड, दगडगोट्यांच्या बागेत ते टिकणार नाही.

स्लॅशर म्हणजे आडवे फिरणारे जाड पाते. आधार नसल्यामुळे वेग हवा. चार फूट, म्हणजे साधारण १.२ मीटर व्यासाचे पाते मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर त्याचे टोक सेकंदाला ६३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २२५ किलोमीटर वेगाने जाते. स्लॅशरच्या मागे-पुढे साखळ्यांचा किंवा रबराचा पडदा का हवा, ते या आकड्यावरून कळावे. उंच, रानटी गवत आणि लहान झुडपे यांना स्लॅशर भारी पडतो, किंमतही कमी आणि दुरुस्ती गावातला वेल्डर करतो. तोटा एवढाच की गवताचे लांब तुकडे एका बाजूला ओळीने पडतात आणि उडालेला दगड कुठे जाईल ते सांगता येत नाही. आमच्या घरच्या बागेत असा एक दगड ट्रॅक्टरचा मागचा दिवा फोडून गेला. तिथे माणूस उभा नव्हता, हे नशीब.

फ्लेल मोवरमध्ये आडव्या रोटरवर छोटी पाती किंवा हातोडे बिजागरीने लटकवलेले असतात. दगड लागला की पाते मागे झुकते आणि सगळा धक्का गिअरबॉक्सवर येत नाही. झाकण बंदिस्त असल्यामुळे दगड सहसा आतच राहतो. गवताचे बारीक तुकडे जागच्या जागी पसरतात आणि लवकर कुजतात. आच्छादन हवे असलेल्या बागेसाठी कामाच्या गुणवत्तेत हेच यंत्र पुढे आहे. पण वजन जास्त, ताकद जास्त लागते आणि पातीही पुष्कळ. एका बाजूची पाती झिजली किंवा गळाली की रोटर थरथरतो आणि बेअरिंग जाते. पाती बदलताना समोरासमोरची जोडीने बदलावीत.

आता गाजर गवताबद्दल. पुण्यात १९५५ मध्ये नजरेस आलेले हे तण आता कोणत्या बांधावर नाही? ते फुलण्याआधीच कापले पाहिजे. बी धरल्यावर फ्लेल मोवर फिरवला तर बी सगळीकडे उडते आणि यंत्राला चिकटून दुसऱ्या बागेतही जाते. एका कापणीने ते मरत नाही, खालून पुन्हा फुटते.

मिनी ट्रॅक्टरला किती झेपते?

बॉनेटवर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते, यंत्राला मिळते ती पीटीओची. ढोबळ मानाने इंजिनाच्या ८५ टक्के धरावी. म्हणजे २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर साधारण २० मिळतात. स्लॅशरसाठी रुंदीच्या प्रत्येक फुटाला चार-पाच अश्वशक्ती हा सर्वसाधारण हिशेब आहे, दाट गवतात फ्लेल मोवर त्याहून थोडी जास्त मागतो. त्यामुळे २४ च्या ट्रॅक्टरला चार फुटी स्लॅशर किंवा साडेतीन-चार फुटी हलका फ्लेल बसतो. १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला तीन फुटांच्या पुढे जाऊ नये. पाच फुटी यंत्रही तो ओढेल, पण गवत ओले असले की इंजिनाचा आवाज बसेल, पात्याचा वेग पडेल आणि गवत कापण्याऐवजी नुसते लोळवले जाईल.

काम किती होईल? चार फूट रुंदी आणि ताशी तीन किलोमीटर वेग धरून, वळणांचा वेळ वजा केला, तर तासाला पाऊण एकराच्या आत-बाहेर.

उचलण्याची क्षमताही बघावी. कागदावरचा आकडा लिंकेजच्या टोकाला मोजलेला असतो, यंत्राचे वजन त्याच्याही मागे असते. मागे जड फ्लेल उचलल्यावर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग घेईनासे झाले, तर पुढे वजने लावावी लागतात.

आणखी एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. अनेक लहान ट्रॅक्टरांना एकच क्लच असतो. क्लच दाबला तरी जड पाते फिरतच राहते आणि पीटीओमधून उलटे चाकांना ढकलते. ट्रॅक्टर थांबत नाही, समोरच्या झाडात जातो. यावर उपाय म्हणजे एकाच दिशेने ताकद देणारे ओव्हररनिंग कपलिंग. किंमत फार नसते. स्लॅशर घेताना ते मागून घ्यावेच.

कपाशीच्या पऱ्हाटीला तेच यंत्र चालेल का?

नाही. गुलाबी बोंडअळीचा २०१७ चा तडाखा बसल्यापासून पऱ्हाटी शेतात उभी न ठेवता तिची कुट्टी करण्यावर भर आहे. पण वाळलेली पऱ्हाटी म्हणजे लाकूड. तिच्या श्रेडरला मोठा ट्रॅक्टर लागतो. वर्षातून एकदाच लागणारे ते यंत्र भाड्याने आणणे परवडते.

अनुदान कशावर मिळते?

निवड बिघडते ती बरेचदा इथे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची मिनी ट्रॅक्टर योजना आहे. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार रुपये अनुदान मिळते. त्यात ९ ते १८ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर धरलेला आहे, मोवर नाही. फळबाग असलेल्या गटाच्या घरीही मग रोटाव्हेटरच येतो आणि आलेले अवजार वापरले जातेच. मशागतीच्या शेतीसाठी ही यादी ठीक आहे, बागायतदारासाठी त्यात पर्याय द्यायला हवा होता.

केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान कमाल मर्यादेत मिळते. तिथे मल्चर, रोटरी स्लॅशर ही यंत्रे आहेत, पण ‘पीक अवशेष व्यवस्थापन’ या गटात. ‘गवत कापणी’ असा शब्द शोधणाऱ्याला ती सापडत नाहीत. मर्यादा ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीनुसारही बदलते, म्हणून महाडीबीटीवर अर्ज भरताना आपल्या ट्रॅक्टरचा गट नीट निवडावा. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर अनुदान हातचे जाते.

पैसे देण्यापूर्वी काय पाहावे?

यंत्र दुकानात नव्हे, आपल्या बागेत चालवून मागावे आणि तेही गवत ओले असताना. लिंकेजच्या पिना आपल्या ट्रॅक्टरला बसतात का, पीटीओ शाफ्ट पूर्ण उचलल्यावरही सुटत किंवा ठेपत नाही ना, हे तिथेच कळते. यंत्र एका बाजूला सरकवता येणारे असेल तर ट्रॅक्टर ओळीच्या मधोमध ठेवून फांद्यांखालचे गवत कापता येते. बागेसाठी ही सोय अर्धा फूट जास्त रुंदीपेक्षा मोलाची. शाफ्टवर प्लास्टिकचे आवरण नसेल तर यंत्र घेऊच नये. उपरणे किंवा ओढणी त्यात गुंतायला क्षण लागत नाही.

चाचणीच्या दिवशी ठिबकच्या नळ्या आधी गोळा करून बुंध्याशी घ्याव्यात. गवतात लपलेली नळी फ्लेलच्या रोटरला गुंडाळली की ती कापून काढण्यात दुपार जाते.