बचाव म्हणजे धडक नव्हे

गेल्या सत्रांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें शाळा सुटल्यावर आम्हांस आपल्या वडील बंधूच्या मोबाइलवर अमेरिकन फुटबॉलची एक चित्रफीत दाखविली. तींत नुसत्या धडका एकीपुढें एक जोडलेल्या होत्या. एक गडी चेंडूमागें धांवतो, दुसरा त्यास आडवा जाऊन आदळतो, पहिला जमिनीवर निपचित पडतो, आणि प्रेक्षक आरोळ्या ठोकतात. "सर, यालाच डिफेन्स म्हणतात," असें तो मोठ्या कौतुकानें म्हणाला. त्याचें हें वाक्य आमच्या मनांत बरेच दिवस घोळत राहिलें. तें चुकीचें आहे असें आमचें मत आहे. परंतु ज्याअर्थीं पुष्कळ मोठ्या माणसांचीही तीच समजूत दिसते, त्याअर्थीं मुलास नुसतें "चूक" म्हणून गप्प बसविणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. (त्यास फुटबॉल कां म्हणावें, हें कोडें आम्हांसही सुटलेलें नाहीं, कारण त्यांत पायांचें काम थोडें व हातांचें फार.) शंभर यार्ड लांबीचें मैदान, व दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी. ज्यांच्या हातीं चेंडू असेल त्यांस चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. सरकले तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात, न सरकले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. म्हणजे बचाव करणाऱ्यांस चेंडू हिसकावून घेण्याची किंवा कोणास लोळविण्याची खरोखर गरजच नसते. थोडें थोडें द्यावें, पण दहा यार्ड देऊं नयेत, एवढ्यानें त्यांचें काम भागतें.

आतां थोडें अंकगणित. चेंडू फेंकणारा जो क्वार्टरबॅक, त्याच्यापुढें पांच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. उरलेले पांच जण चेंडू झेलण्यासाठीं धांवूं शकतात. बचावाकडील चौघे क्वार्टरबॅकवर चालून गेले, तर मागें सात उरतात व ते त्या पांचांवर सुखानें नजर ठेवितात. सहा जण चालून गेले, तर मागें पांचच राहतात. प्रत्येकास एक एक गडी नेमून दिला कीं संपलें, आणि त्यांतील एक जरी घसरला तरी त्यास सांवरणारा कोणी नाहीं. अशा जादा माणसांच्या हल्ल्यास 'ब्लिट्झ' म्हणतात. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ वीज असा आहे. वीज चमकली म्हणजे सर्वांच्या माना तिकडे वळतात, हें खरें. परंतु ती नेहमींच शत्रूच्या घरावर पडते असें नाहीं.

या खेळाच्या व्यावसायिक संघांची लीग १९२० सालीं स्थापन झाली. तिच्या इतिहासांत बचावाचा विचार शास्त्र म्हणून ज्यांनीं केला, त्यांत टॉम लँड्री याचें नांव आम्ही अग्रभागीं ठेवूं. दुसऱ्या महायुद्धांत तो बॉम्बफेकी विमानांतून लढला होता, आणि पुढें ह्यूस्टन विद्यापीठांत औद्योगिक अभियांत्रिकी शिकला. १९५४ ते १९५९ पर्यंत न्यू यॉर्क जायंट्स संघाच्या बचावाची मांडणी त्याच्याकडे होती, व नंतर १९६० पासून १९८८ पर्यंत तो डॅलस काउबॉयज संघाचा मुख्य शिक्षक होता. रेषेवर चौघे, त्यांच्यामागें तीन लाइनबॅकर व त्यांच्याही मागें चौघे, ही रचना रूढ करण्यांत त्याचा मोठा वांटा आहे. पण रचनेपेक्षां त्याची शिकवण आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. चेंडूच्या मागें लागूं नका, आपणांस नेमून दिलेली फट सोडूं नका, समोरच्या गड्याच्या पहिल्या पावलावरून पुढचा डाव ओळखा, आणि शेजारची फट शेजारचा सांभाळील असा भरंवसा ठेवा, असें तो शिकवी. ऐकण्यास हें सोपें आहे, करण्यास महाकठीण. चेंडू नाकासमोरून जात असतां पाय रोवून उभें राहण्यास किती मनोनिग्रह लागतो, हें आट्यापाट्या खेळलेल्या मुलांस सांगावयास नको. पाटी सोडून धांवणारा गडी कितीही चपळ असो, तो आपल्या संघास बुडवितो.

याच्या उलट टोंकाचें उदाहरण म्हणजे १९८५ सालचा शिकागो बेअर्स संघ. त्याच्या बचावाचा शिक्षक बडी रायन यानें 'फॉर्टी-सिक्स' नांवाची पद्धति बसविली होती. हा आंकडा गड्यांच्या मांडणीचा नसून डग प्लँक नांवाच्या खेळाडूच्या सदऱ्यावरचा आहे, आणि गंमत अशी कीं १९८५ सालीं तो खेळाडू संघांत नव्हताही! या पद्धतींत आठ गडी रेषेजवळ गर्दी करीत, व त्यांतील कोण चालून येणार हें प्रतिपक्षास शेवटपर्यंत कळत नसे. सोळा सामन्यांत या संघानें फक्त १९८ गुण दिले. २६ जानेवारी १९८६ रोजीं झालेल्या अंतिम सामन्यांत त्यांनीं न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ४६–१० असा धुव्वा उडविला. असा बचाव पाहून कोणाचेंही मन थक्क होईल, आणि तें कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. तथापि त्याच मोसमांत मायामी डॉल्फिन्सनीं या संघास ३८–२४ असें हरविलें होतें, हें विसरतां येत नाहीं. त्यांचा क्वार्टरबॅक डॅन मरीनो वीज अंगावर येण्यापूर्वींच चेंडू फेंकून मोकळा होई. पुढें इतर संघही ती युक्ति शिकले.

परंतु आमचा मुख्य आक्षेप डावपेंचाचा नाहीं. १२ ऑगस्ट १९७८ रोजीं ओकलंड येथें मोसमापूर्वींचा एक सामना चालला होता. त्याचा निकाल कोणत्याही हिशेबांत धरला जाणार नव्हता. न्यू इंग्लंडचा डॅरिल स्टिंगली एक चेंडू झेलण्यास झेंपावला. चेंडू त्याच्या हातीं आलाच नाहीं. आला तो ओकलंडचा जॅक टेटम, आणि त्याच्या धडकेनें स्टिंगलीच्या मानेचे मणके मोडले. त्या वेळीं तो २६ वर्षांचा होता. तो पुन्हां कधींही चालला नाहीं, आणि २००७ सालीं वारला. पंचांनीं टेटमला दोष दिला नाहीं, कारण तत्कालीन नियमांप्रमाणें तो दोषी नव्हताच. ओकलंडचे मुख्य शिक्षक जॉन मॅडन मात्र प्रतिपक्षाच्या या गड्यास भेटण्यास रुग्णालयांत जात असत. पुढें १९८० सालीं टेटमनें आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, त्याच्या नांवांत 'मारेकरी' या अर्थाचा शब्द अभिमानानें घातलेला होता. आमच्या विद्यार्थ्यानें दाखविलेल्या चित्रफितींत आणि या घटनेंत आम्हांस तर कांहींच अंतर दिसत नाहीं. अंतर असेल तर एवढेंच कीं चित्रफितींतील गडी पुढें उठले.

नियम असतां असें होत नाहीं, असेंही म्हणतां येत नाहीं. २०१२ सालीं लीगनें चौकशीअंतीं जाहीर केलें कीं, न्यू ऑर्लीन्स सेंट्स संघांत २००९ ते २०११ या काळांत बचावाच्या गड्यांस प्रतिपक्षाच्या खेळाडूंस जायबंदी करण्याबद्दल पैसे देण्याची सोय होती. मुख्य शिक्षकास पूर्ण एका मोसमाची बंदी झाली. खेळाडूंच्या शिक्षा मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस रद्द झाल्या. आम्हांस हा न्याय बरा वाटला. ज्यानें शिकविलें त्याच्यावर भार अधिक असावा, हें आम्ही शिक्षक म्हणवितों म्हणून तरी आम्हांस मान्य केलें पाहिजे.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगणें भाग आहे. धीराचा बचाव शिकविला म्हणजे हा खेळ निर्धोक होईल, असा आमचा दावा नाहीं. डॉक्टर बेनेट ओमालू यांनीं २००२ सालीं माइक वेब्स्टर या मृत खेळाडूच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हां वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांनीं झालेला रोग त्यांत आढळला. वेब्स्टर हा चेंडू झेलण्यास उड्या मारणारा गडी नव्हता; तो रेषेच्या मध्यभागीं उभा राहणारा, रोजच्या लहान लहान ठोकरा सोसणारा होता. २०१८ पासून डोकें खालीं घालून शिरस्त्राणानें धडक मारणें हा अपराध ठरला आहे. तें योग्यच झालें. पण त्या लहान ठोकरा तशाच आहेत, व त्यांवर आमच्याजवळ तोड नाहीं.

मात्र कौतुक कशाचें करावें हें तर आपल्या हातांत आहे. ९ फेब्रुवारी २०२५ रोजीं न्यू ऑर्लीन्स येथें अंतिम सामना झाला. कॅन्सस सिटी चीफ्स हे सलग तिसऱ्या विजेतेपदासाठीं उतरले होते, व पॅट्रिक महोम्स हा त्यांचा क्वार्टरबॅक ब्लिट्झला भुलणारा नव्हे. फिलाडेल्फिया ईगल्सच्या बचावाची सूत्रें व्हिक फँजिओ यांच्याकडे होतीं. (हे गृहस्थ आरंभीं आपल्या गांवच्या हायस्कुलाच्या संघास शिकवीत असत, हें आम्ही आमच्या सहकाऱ्यांच्या माहितीसाठीं मुद्दाम नमूद करतों.) त्यांनीं सबंध सामन्यांत एकदांही ब्लिट्झ केला नाहीं. पुढें चौघे, मागें सात, आणि प्रत्येक जण आपल्या जागीं. महोम्स चेंडू कोणाकडे फेंकावा म्हणून पाहत राही, कोणीच मोकळा सांपडत नसे, आणि तेवढ्यांत ते चौघे त्याच्यापर्यंत पोहोंचत. असें सहा वेळां झालें. मध्यंतरास २४–० असा फलक होता. अखेरीस ईगल्स ४०–२२ असे जिंकले.

या सामन्याचे कांहीं भाग आम्ही त्या विद्यार्थ्यास पुन्हां त्याच मोबाइलवर दाखविले. पहिल्यानें तो कंटाळला. "सर, यांत कांहीं होतच नाहीं," म्हणाला. मग एके ठिकाणीं त्यानें चित्र थांबविलें, पडद्यावर बोट ठेवून हळूहळू मोजूं लागला, आणि आमच्याकडे न पाहतांच म्हणाला, "मागें सातही तसेच उभे आहेत. एकानेंही जागा सोडली नाहीं, सर."